शंकर नगरातील रविवारचा संख्याशास्त्र वर्ग : सहा आठवड्यांनंतरचा अभिप्राय

गृहविज्ञानात संशोधन करणाऱ्यांची संख्याशास्त्राशी खरी गाठ प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणात पडते, आणि बहुतेकांच्या बाबतीत ती फार उशिरा पडते. प्रश्नावल्या भरून झालेल्या असतात, प्रकरण कधी दाखवायचे ते मार्गदर्शकांनी सांगून ठेवलेले असते, आणि ‘या दोन चलांमध्ये सार्थक संबंध आहे का’ (म्हणजे नोंदवलेल्या दोन बाबींत दिसणारा संबंध निव्वळ योगायोगाचा तर नाही ना) या एका ओळीच्या प्रश्नापाशी सगळे काम अडून बसते. माझेही तसेच झाले होते. त्यामुळे नागपूरच्या शंकर नगर चौकातील मेट्रो स्थानकापासून चालत पाच-सात मिनिटांवर भरणाऱ्या एका रविवारच्या वर्गात मी एप्रिल-मे महिन्यांत सहा आठवडे जाऊन आले, आणि संशोधन करणाऱ्या इतर मैत्रिणींना निर्णय घेणे सोपे जावे म्हणून हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे. वर्ग घेणारे सर निवृत्त प्राध्यापक आहेत. एका तुकडीत ते 16 जणांपेक्षा जास्त कोणाला घेत नाहीत आणि आपले नाव कोठे छापू नये अशी त्यांची विनंती असल्याने ते येथे दिलेले नाही.

आधी व्यवहाराच्या गोष्टी. सकाळी 9 ते 12.30 अशी वेळ, मध्ये चहाची सुट्टी, सहा रविवारांचे शुल्क 2,400 रुपये, छापील टिपणे त्यातच. आमच्या तुकडीत नर्सिंग महाविद्यालयातील एक अध्यापिका, समाजकार्याचे दोन विद्यार्थी, काटोलकडच्या संत्रा-बागायतदाराचा कृषी पदवीला असलेला मुलगा आणि बी.एड. महाविद्यालयांतील चार-पाच शिक्षक होते. वर्गाचा विषय मुद्दाम अरुंद ठेवलेला आहे : वर्गीय चलांचा, म्हणजे ज्यांची उत्तरे ‘हो-नाही’सारख्या गटांत पडतात अशा बाबींचा, परस्परसंबंध तपासणे, म्हणजे मुख्यतः काय-वर्ग चाचणी, जिला आपण सगळे बोलताना काय-स्क्वेअर म्हणतो. सरासरी, प्रमाण विचलन आणि टी-चाचणी यांची उजळणी पहिल्या रविवारी अर्ध्या तासात उरकली जाते. ज्यांना संपूर्ण संख्याशास्त्र हवे असेल त्यांच्यासाठी हा वर्ग नाही.

पहिल्या दिवशी सरांनी सूत्र लिहिले नाही. त्यांनी फळ्यावर एक प्रश्न लिहिला : ‘वय आणि तर्री यांचा संबंध आहे का?’ तर्री म्हणजे पोह्यांवर घालतात तो तिखट रस्सा. आधीच्या एका तुकडीने दोन सकाळी पोह्यांच्या गाडीशेजारी उभे राहून 150 गिऱ्हाइकांची नोंद केली होती. गणित सुटसुटीत व्हावे म्हणून आपण आकडे थोडे सरळ करून घेतले आहेत आणि त्यांवरून नागपूरकरांविषयी कोणताही निष्कर्ष काढू नये, हे सरांनी दोनदा सांगितले. मला सर्वांत मोलाचा वाटला तो भाग याच्याही आधीचा होता. ‘तर्रीची आवड’ हे चल नोंदवायचे कसे, यावर पाऊण तास चर्चा झाली. ‘जास्त तर्री’ आणि ‘कमी तर्री’ असे दोन वर्ग केले तर कोणाची तर्री जास्त हे नोंद करणाऱ्याच्या डोळ्यांवर अवलंबून राहते. म्हणून त्या तुकडीने ‘पहिल्या वाढीनंतर तर्री पुन्हा मागितली’ आणि ‘पुन्हा मागितली नाही’ असे दोन वर्ग ठरवले होते, ज्यांत प्रत्येक माणूस कोणत्या तरी एका वर्गात येतो आणि एकाच वर्गात येतो. वयही चेहऱ्यावरून न ठरवता विचारून घेतले होते. ‘भाऊ, अजून थोडी तर्री मारा’ हे वाक्य ऐकू आले की एक खूण, इतकी ती नोंद सरळ होती. प्रबंधांच्या प्रश्नावल्यांमध्ये ‘कधीकधी’, ‘बऱ्याचदा’, ‘नेहमी’ असे पर्याय आपण किती सहज लिहून टाकतो, याची मला त्या पाऊण तासात तीव्रतेने जाणीव झाली.

आकडे असे होते. चाळिशीच्या आतील 90 जण, त्यांपैकी 68 जणांनी तर्री पुन्हा मागितली, 22 जणांनी मागितली नाही. चाळीस किंवा त्याहून अधिक वयाचे 60 जण, त्यांपैकी 32 जणांनी मागितली, 28 जणांनी मागितली नाही. एकंदरीत 150 पैकी 100 जणांनी पुन्हा मागितली, म्हणजे तिघांत दोघांनी. वयाचा तर्रीशी काही संबंध नसता तर हेच तिघांत दोघे असे प्रमाण दोन्ही वयोगटांत दिसायला हवे होते : 90 जणांत 60 आणि 60 जणांत 40. न मागणारे अनुक्रमे 30 आणि 20. या चार संख्यांना अपेक्षित वारंवारता म्हणतात. ओळीची बेरीज गुणिले स्तंभाची बेरीज भागिले एकूण संख्या, हे सूत्र मी पदव्युत्तर परीक्षेत पाठ करून लिहिले होते. ते ‘संबंध नसता तर काय दिसले असते’ या प्रश्नाचे उत्तर आहे, हे मला इतक्या वर्षांत कोणी सांगितले नव्हते.

यानंतर सरांनी एक स्टीलचा डबा काढला. त्यात एकसारख्या कागदाच्या 150 चिठ्ठ्या होत्या, घडी घातलेल्या. 90 चिठ्ठ्यांच्या आत निळी खूण, 60 चिठ्ठ्यांच्या आत लाल. निळी म्हणजे चाळिशीच्या आतील माणूस, लाल म्हणजे त्यापुढचा. भिशीची चिठ्ठी काढताना डबा जसा हलवतात तसा तो नीट हलवायचा, न पाहता 100 चिठ्ठ्या बाहेर काढायच्या, त्यांना ‘तर्री पुन्हा मागणारे’ मानायचे, आणि त्यांत निळ्या किती आल्या ते फळ्यावर लिहायचे. डब्याला वय ठाऊक नाही आणि तर्रीही ठाऊक नाही, त्यामुळे येथे जो आकडा येईल तो निव्वळ योगायोगाचा. माझ्या पहिल्या खेपेला 61 आल्या. शेजारच्या विद्यार्थ्याला 57. आम्ही 16 जणांनी प्रत्येकी दोनदा, अशा 32 खेपा केल्या, आणि फळ्यावरचे आकडे 60 च्या दोन्ही बाजूंना गर्दी करून उभे राहिले. सर्वांत कमी 54, सर्वांत जास्त 66. प्रत्यक्ष गाडीवर मोजलेला आकडा 68 होता. तो सरांनी सर्वांत शेवटी, त्या गर्दीच्या उजवीकडे, थोडी जागा सोडून लिहिला. शून्य परिकल्पना (म्हणजे संबंध नाहीच असे धरून चालणे), योगायोग, सार्थकता हे सगळे शब्द त्या एका मोकळ्या जागेत मला दिसले. चिठ्ठ्या मोजण्यात दीड तास गेला आणि काहींना तो वेळ वाया गेला असे वाटले; माझ्या मते सहा रविवारांतील तोच सर्वांत चांगला वापरलेला वेळ होता.

सूत्र दुसऱ्या रविवारी आले आणि तोवर ते जवळजवळ ओळखीचे झाले होते. सारणीच्या प्रत्येक घरात (चौकटीत) प्रत्यक्ष आणि अपेक्षित वारंवारतेतील फरक घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, अपेक्षित वारंवारतेने भागायचे आणि चारही घरांची बेरीज करायची. आपल्या सारणीत फरक सगळीकडे 8, त्याचा वर्ग 64. म्हणून 64 भागिले 60, 30, 40 आणि 20, अर्थात 1.07, 2.13, 1.60 आणि 3.20, बेरीज 8.0. अपेक्षित वारंवारतेने का भागायचे, या प्रश्नाला सरांनी दिलेले उत्तर मला फार आवडले : साठांच्या अपेक्षेत आठांचा फरक आणि विसांच्या अपेक्षेत आठांचा फरक यांचे वजन सारखे नसते. चाळिशीपुढच्या, तर्री पुन्हा न मागणाऱ्यांच्या घरातून सर्वांत मोठा 3.20 हा वाटा येतो, आणि संबंध सारणीत नेमका कोठे आहे हे तो वाटाच दाखवतो.

स्वाधीनता मात्रेचा भागही असाच उलगडून सांगितला गेला. सरांनी ओळींच्या आणि स्तंभांच्या बेरजा कायम ठेवून चारही घरे पुसली आणि एका घरात 68 लिहिले. उरलेली तीन घरे आम्ही वजाबाकी करून भरली. स्वतंत्रपणे भरता येण्यासारखे घर एकच, म्हणून स्वाधीनता मात्रा 1. तीन ओळी आणि दोन स्तंभ असते तर दोन घरे भरल्यावर बाकीची आपोआप भरली असती. ओळींतून एक वजा, स्तंभांतून एक वजा आणि त्यांचा गुणाकार, हा नियम यातूनच निघतो. ही चाचणी कार्ल पिअर्सन यांनी 1900 साली मांडली, मात्र अशा सारण्यांसाठी त्यांनी स्वाधीनता मात्रा एकूण घरांपेक्षा एकने कमी धरली होती, म्हणजे येथे 3. रोनाल्ड फिशर यांनी 1922 साली ती चूक दाखवून दिली. आमच्या उदाहरणावर याचा परिणाम काय होतो हे सरांनी कोष्टक उघडून दाखवले. 0.05 या सार्थकता पातळीला (योगायोगाची शक्यता शंभरात पाच इतकी चालवून घेतली तर) मात्रा 1 असताना सीमामूल्य, म्हणजे संबंध सार्थक मानण्यासाठी ओलांडावा लागणारा आकडा, 3.841 आहे आणि मात्रा 3 असताना 7.815. आपला 8.0 पहिल्या हिशेबाने सीमा आरामात ओलांडतो, दुसऱ्या हिशेबाने कसाबसा. शास्त्राचा इतिहास शिकवताना तो हातातल्या आकड्यांना असा जोडून घेणारे शिक्षक विरळ आहेत.

तिसऱ्या रविवारविषयी मला थोडे अधिक सांगायचे आहे, कारण त्या दिवशी माझी स्वतःची सारणी फळ्यावर आली. मागच्या वर्षी मी प्रबंधाच्या पूर्वचाचणीसाठी 50 स्त्रियांची माहिती घेतली होती : 25 नोकरी करणाऱ्या आणि 25 गृहिणी. खाद्यपदार्थाच्या पाकिटावरील पोषणमाहिती त्या वाचतात का, हा प्रश्न होता. नोकरी करणाऱ्यांपैकी 15 जणी आणि गृहिणींपैकी 11 जणी वाचत होत्या. विश्लेषणाचे काम मी प्रबंध-टंकलेखनाबरोबर ‘डेटा अ‍ॅनालिसिस’ही करून देणाऱ्या एका दुकानात दिले. चार दिवसांनी छापील पान हातात आले : काय-वर्ग 5.13, सीमामूल्य 3.841, संबंध सार्थक. मला हवे होते तेच उत्तर असल्यामुळे मी काहीही विचारले नाही, आणि ते पान वर्षभर माझ्या प्रकरणात राहिले.

सरांनी पान पाहिले आणि सारणीतल्या संख्यांची बेरीज करायला सांगितली. 60, 40, 44, 56. बेरीज 200. ‘ताई, बाया तर पन्नासच होत्या ना?’ एवढेच ते म्हणाले. दुकानातील माणसाने माझ्या संख्यांची टक्केवारी काढून ती टक्केवारीच सूत्रात घातली होती. मूळ संख्या घेतल्यावर अपेक्षित वारंवारता 13, 12, 13 आणि 12 येते, प्रत्येक घरातील फरक 2, आणि काय-वर्ग 1.28. सीमेच्या जवळपासही नाही. काय-वर्ग चाचणी प्रमाणांवर चालत नाही, मोजलेल्या माणसांवर चालते. प्रमाणे तीच ठेवून माणसे चौपट केली की काय-वर्गही चौपट होतो, आणि टक्केवारी घातल्यामुळे माझ्या प्रबंधात मी कधीही न भेटलेल्या 150 स्त्रिया शिरल्या होत्या. मला त्या दिवशी फार वाईट वाटले. सरांनी मात्र माझे नाव न घेता तीच सारणी संपूर्ण वर्गाला सोडवायला दिली, आणि चहाच्या सुट्टीत दोघांनी मला हळूच सांगितले की त्यांच्याही प्रकरणात टक्केवारीवरच चाचणी लावलेली आहे. नागपुरात किंवा अन्यत्र असे काम बाहेरून करून घेणाऱ्या प्रत्येकाने आपल्या सारणीची बेरीज आपल्या नमुन्याएवढी येते का, हे आजच तपासावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

कोणत्या माहितीला ही चाचणी लावू नये, याकडे वर्गात चांगले लक्ष दिले जाते. नर्सिंगच्या अध्यापिकेने आरोग्यशिक्षणाच्या आधी आणि नंतर त्याच मातांची माहिती घेतली होती आणि ‘आधी’ व ‘नंतर’ अशा दोन ओळी केल्या होत्या. प्रत्येक माता दोनदा मोजली गेल्याने नोंदी एकमेकींपासून स्वतंत्र राहिल्या नव्हत्या. त्यांना 1947 साली मांडली गेलेली मॅक्नेमार चाचणी वापरायला सांगितले, आणि ती तेथेच त्यांच्या आकड्यांवर करून दाखवली. ‘उन्हाळ्यात कोणते पेय घेता’ यासारखे, एकाहून अधिक उत्तरे चालणारे प्रश्नही सरळ एका सारणीत घालता येत नाहीत, कारण ताक आणि पन्हे दोन्ही घेणारा माणूस दोन घरांत बसतो.

संबंध सार्थक आहे म्हणजे तो मोठा आहे असे नाही, यावर चौथा रविवार खर्च झाला. तर्रीच्या सारणीत 8.0 भागिले 150 करून वर्गमूळ काढले की संबंध किती मोठा हे सांगणारा क्रेमर यांचा व्ही गुणांक 0.23 येतो. शून्य म्हणजे संबंध मुळीच नाही आणि एक म्हणजे संपूर्ण संबंध, या मोजपट्टीवर 0.23 हे स्थान तसे खालच्याच बाजूला आहे. आणि संबंध आहे म्हणून वयामुळेच तर्री कमी मागितली जाते असेही म्हणता येत नाही. फिरायला जाणारी वडीलधारी मंडळी सकाळी लवकर गाडीवर येत असतील आणि तरुण मंडळी उशिरा, तर फरक वेळेचा असू शकतो. याच ओघात सरांनी बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या 1973 सालच्या प्रवेशांचे उदाहरण घेतले : एकूण अर्जदारांत पुरुषांना सुमारे 44 टक्के आणि स्त्रियांना सुमारे 35 टक्के प्रवेश मिळालेले दिसत होते, पण विभागवार सारण्या केल्यावर स्त्रियांविरुद्धचा तो फरक जवळजवळ नाहीसा झाला, कारण जेथे प्रवेश मिळणे अवघड होते अशा विभागांत स्त्रियांचे अर्ज अधिक होते. काटोलच्या विद्यार्थ्याने लगेच विचारले की आंबिया आणि मृग या संत्र्याच्या दोन बहारांतील फळांच्या प्रतवारीची तुलना करताना बागेचे वयही पाहावे लागेल का. पाहावे लागेल, आणि त्यासाठी प्रत्येक वयोगटाच्या बागेची वेगळी सारणी करावी लागेल, असे उत्तर मिळाले.

संगणकाचा भाग पाचव्या रविवारी होता आणि तो मला घाईचा वाटला. आर ही विनामूल्य प्रणाली वापरली जाते, हे चांगले आहे, कारण घरी जाऊनही तीच वापरता येते. तर्रीची सारणी त्यात घातल्यावर 8.0 ऐवजी 7.03 आले आणि वर्गात गोंधळ उडाला. दोन बाय दोन सारणीसाठी आर आपणहून येट्स यांची 1934 सालची दुरुस्ती लावते, म्हणजे प्रत्येक फरकातून अर्धा वजा करून मग वर्ग करते. ती बंद करण्याची सूचना दिली की 8.0 येते. सरांनी कारण सांगितले, पण दुरुस्ती केव्हा ठेवावी आणि केव्हा काढावी याविषयी संशोधकांत मतभेद आहेत, एवढ्यावर विषय सोडला. प्रबंधात आपण कोणता आकडा दिला हे स्पष्ट लिहावे, हा त्यांचा सल्ला योग्य आहे, तरी या जागी अर्धा तास अधिक द्यायला हवा होता.

उणिवा आणखी आहेत. छापील टिपणांत ‘कोणत्याही घरातील संख्या 5 पेक्षा कमी नसावी’ असे वाक्य आहे. अट प्रत्यक्ष संख्येची नसून अपेक्षित वारंवारतेची आहे, हे सरांनी तोंडी स्पष्ट केले, पण टिपणांतील वाक्य तसेच राहिले आहे, आणि जो पुढच्या वर्षी केवळ टिपणे वाचेल तो फसेल. शिवाय मोठ्या सारण्यांसाठी कॉक्रन यांनी 1954 साली सुचवलेला सौम्य नियम, म्हणजे पाचाहून कमी अपेक्षित वारंवारता असलेली घरे एकूण घरांच्या एक पंचमांशाहून अधिक नसावीत आणि एकाहून कमी तर एकाही घरात नसावी, हा टिपणांत मुळीच नाही. नमुना लहान असताना उपयोगी पडणारी फिशर यांची अचूक चाचणी सहाव्या रविवारी शेवटच्या वीस मिनिटांत आली. आमच्यातील निम्म्याहून अधिक जणांचे नमुने लहानच होते, त्यामुळे तिला निदान एक पूर्ण तास मिळणे आवश्यक होते. चिठ्ठ्यांचा डबा हाताशी असताना ती समजावणे अवघडही नव्हते. बसण्याची जागा अपुरी आहे. मेच्या उन्हात एकच कूलर, आणि तो चालू असला की मागच्या ओळीला बोलणे ऐकू येत नाही. शक्य असल्यास लवकर पोहोचून पुढे बसावे.

तरीही मी हा वर्ग मनापासून सुचवते, विशेषतः ज्यांची माहिती अजून गोळा व्हायची आहे त्यांना. प्रश्नावली छापण्यापूर्वी पहिले दोन रविवार जरी केले तरी वर्ष वाचेल. जाताना स्वतःची सारणी न्यावी, आणि तीही मूळ संख्यांची.

सहाव्या रविवारी मी सुधारलेले पान सरांना दाखवले. त्यावर मी ‘नोकरी आणि पोषणमाहिती वाचणे यांत संबंध नाही’ असे लिहिले होते. त्यांनी पेन्सिलीने ते वाक्य खोडून वर लिहिले : ‘या 50 स्त्रियांच्या माहितीवरून संबंध असल्याचा पुरेसा पुरावा मिळाला नाही.’ प्रमाणे हीच राहिली आणि स्त्रिया खरोखरच 200 असल्या, तर काय-वर्ग 5.13 येईल, दुकानातल्या पानावर होता तोच. प्रमाणे तीच राहतील की नाही हे मात्र प्रत्यक्ष विचारल्याखेरीज कळणार नाही. जूनपासून मी पुन्हा घरोघरी जात आहे, आणि आजवर 130 प्रश्नावल्या भरून झाल्या आहेत.